डबा एका मुलाचा, टोपल्या बारा

आजचं वाचन: योहान 6:1-15
सोबत वाचा: 2 राजे 4:42-44



पाच हजारांना जेवू घातल्याची घटना चारही शुभवर्तमानांत आहे. पण तो डबा कुणाचा होता, हे फक्त योहान सांगतो. एका लहान मुलाचा. त्याचं नाव नाही, गाव नाही, आईवडिलांचा उल्लेख नाही. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकऱ्या आणि दोन छोटे मासे होते. जव हे त्या काळी गरिबाचं धान्य, आपल्याकडच्या नाचणीसारखं. आणि मासे बहुधा खारवलेले, म्हणजे भाकरीसोबत तोंडी लावायचं सुकं. वसईच्या माणसाला हा डबा लगेच ओळखता येईल.

हे वाचन दरवर्षी पास्काकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मिस्सेत येतं. आपल्याकडे ते दिवस परीक्षा संपल्याचे आणि निकालाची वाट बघण्याचे. मग निकाल लागतो आणि आपले मोबाईल भरून जातात. कुणाला किती टक्के, शाळेत पहिली कोण, धर्मग्रामात पहिला कोण. फोटो, हार, पेढे. हा आनंद खरा असतो आणि तो साजरा करायलाच हवा. म्हणून आजचं हे वाचन आपण एका छोट्या मिशन शाळेच्या फळ्यासमोर उभं राहून वाचूया.

कुठली शाळा? महामार्ग ओलांडून वसईच्या पूर्वपट्टीत गेलं, की मांडवी, चांदीप, उसगाव, पारोळ ही गावं लागतात. तुंगारेश्वरचे डोंगर, भातशेती, वीटभट्ट्या, वारली-मल्हार कोळी-कातकरी पाडे. आगाशी, नंदाखाल, निर्मळसारखी पाऊणशे पावलांवर चर्च असलेली ही वस्ती नव्हे. इकडच्या एखाद्या छोट्या कॅथोलिक शाळेची कल्पना करा. कार्यालयाबाहेर एक फळा. त्यावर खडूनं लिहिलेलं: शिष्यवृत्ती परीक्षेत दोघं, तालुका कबड्डीत मुलींचा संघ, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत एकाला 'अ' श्रेणी, आणि दहावीत पहिले तीन. मुंबईच्या एखाद्या मोठ्या शाळेला ही यादी किरकोळ वाटेल. पण ज्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावी झालं, त्या घरासाठी हा फळा म्हणजे वर्तमानपत्राचं पहिलं पान.

फिलिपचं गणित

येशू फिलिपला विचारतो, एवढ्या लोकांना भाकरी आणायची कुठून? फिलिप त्याच भागातला, बेथसैदाचा. त्याला बाजार माहीत. तो लगेच हिशोब करतो: दोनशे दिनारांच्या भाकऱ्या आणल्या तरी प्रत्येकाला जेमतेम घास. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दोनशे दिवसांची कमाई ओतूनही पोट भरणार नाही. गणित अचूक आहे.

छोटी शाळा चालवणाऱ्या प्रत्येक फादरला, सिस्टरला, मुख्याध्यापकाला हे गणित पाठ असतं. पावसाआधी छप्पर दुरुस्त करायचं. पटसंख्या घसरली की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की एकाच शिक्षकावर तीन विषय येतात, मग पालक मूल काढून दुसरीकडे घालतात, आणि पट आणखी घसरतो. हे चक्र आपल्या मराठी माध्यमाच्या बऱ्याच शाळांनी बघितलं आहे. ते सुरू करणाऱ्यांत आपणही आहोतच. आपल्या आईवडिलांना घडवलेल्या शाळेत आपण आपली मुलं घालत नाही. घालावीच असं माझं म्हणणं नाही, प्रत्येक घराची कारणं वेगळी. पण ज्यांना दुसरा पर्यायच नाही, त्यांची मुलं त्या शाळेत आजही बसतात, एवढं विसरू नये.

लक्षात घ्या, येशू फिलिपला रागावत नाही. हिशोब करणं हे पाप नाही. फक्त फिलिपच्या हिशोबात त्या मुलाचा डबा धरलेलाच नव्हता.

आंद्रेया: वर्गशिक्षक

मुलाला पुढे आणतो आंद्रेया. योहानाच्या शुभवर्तमानात आंद्रेयाला फार भाषणं नाहीत, पण तो जिथे दिसतो तिथे कुणालातरी येशूकडे घेऊन येत असतो. पहिल्या अध्यायात भाऊ पेत्राला आणतो. बाराव्या अध्यायात येशूला भेटू इच्छिणाऱ्या ग्रीक लोकांचा निरोप फिलिपसोबत पोहोचवतो. इथे एका पोराला आणतो. त्याला स्वतःलाही खात्री नाही. एवढ्याशाने इतक्या जणांचं काय होणार, हे तो बोलून दाखवतो. तरी आणतो!

मला वाटतं, चांगला वर्गशिक्षक असाच असतो. मुलाच्या हातात काय आहे हे तो आधी बघतो, त्याचं पुढे काय होईल हे त्याला माहीत नसतं. फळ्यावरच्या प्रत्येक नावामागे असा एक आंद्रेया उभा असतो. कबड्डीच्या मुलींना स्पर्धेच्या गावी घेऊन जाणाऱ्या बाई, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना आधार कार्डावरचं स्पेलिंग दुरुस्त करून आणायला पाड्यावर जाणारे सर. त्यांचं नाव फळ्यावर नसतं. योहानाने आंद्रेयाचं नाव लिहून ठेवलं, हे बरं केलं.

गवतावरची पंगत

मग येशू सगळ्यांना बसवतो. तिथे भरपूर गवत होतं, असं योहान मुद्दाम नोंदवतो. पाच हजार पुरुष, शिवाय बाया आणि पोरं. कोण नियमानं मंदिरात जाणारा, कोण नुसता चमत्कार बघायला आलेला, कोण भुकेला म्हणून रेंगाळलेला. भाकरी देताना येशू कुणालाही काही विचारत नाही. आभार मानतो आणि वाटतो.

पूर्वपट्टीतल्या मिशन शाळेचं सामुदायिक जीवन याच गवतासारखं आहे. तिथले बरेच विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत. तरी नाताळच्या देखाव्यात मेंढपाळ होण्यासाठी त्यांच्यात भांडणं होतात, आणि योसेफाचं काम करणारा वारली मुलगा घरी वाघोबाला नारळ फोडणाऱ्या आजोबांना ती सगळी गोष्ट रंगवून सांगतो. स्नेहसंमेलनाला तारपा वाजतो. मधल्या सुट्टीत खिचडी एकाच पातेल्यातली. शहरात आपण 'समाज' हा शब्द आपल्या जातीपुरता, आपल्या धर्मग्रामापुरता वापरायला शिकलो आहोत. त्या मुलांना अजून तो शब्द शिकवायची घाई करू नये.

डबा देणं

आता त्या मुलाकडे वळू. त्याचं यश काय? त्याने भाकऱ्या थापल्या नव्हत्या, त्या बहुधा आईने थापल्या. मासे त्याने पकडले नसतील. आणि चमत्कार तर येशूने केला. मुलाच्या हातात एकच गोष्ट होती, डबा द्यायचा की धरून ठेवायचा. तो एकटा जेवला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. डबा त्याचाच होता.

आपल्या मातीत याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. नंदाखालच्या एका शेतकरी घरातला मुलगा गावातल्या संत जोसेफ मराठी शाळेत शिकला. पुढे 1972 साली त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. ते आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. गावच्या शाळेत मिळालेली मराठी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. 1983 ते 2007 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं आणि त्याचं दार चर्चबाहेरच्या लेखकांनाही उघडं ठेवलं. वसईची शेती, विहिरी, झाडं वाचवायला हरित वसईच्या आंदोलनात उतरले. 'सुबोध बायबल' लिहिलं, त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 25 जुलै 2024 रोजी ते देवाघरी गेले, तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती नसलेले लोक प्रचंड होते. एका छोट्या मराठी शाळेतून निघालेला हा डबा किती लोकांत वाटला गेला, ते आपण डोळ्यांनी बघितलं आहे.

म्हणून फळ्यावर नाव आलेल्या प्रत्येक मुलाला आजचं वचन प्रेमाने विचारतं: बाळा, टक्के छान आहेत. ते आता कुणासाठी वापरणार?

आणि उरलेले तुकडे

पण मला आज थांबवलं ते बाराव्या ओवीने. सगळे जेवल्यावर येशू शिष्यांना कामाला लावतो. उरलेले तुकडे गोळा करा, त्यातलं काहीही वाया जाता कामा नये, असं तो सांगतो. जो आत्ताच पाच भाकऱ्यांतून हजारोंना जेवण देऊ शकला, त्याला तुकड्यांची काय पर्वा? लागल्या तर आणखी करता आल्या असत्या. तरीही तो तुकडे मोजतो. शिष्य वाकून वाकून गवतातून ते उचलतात आणि बारा टोपल्या भरतात.

निकालाच्या दिवशी तुकडे कोण? ज्याचं नाव फळ्यावर नाही तो. पस्तीसला दोन मार्क कमी पडलेली. शाळेच्या गेटपर्यंत आला आणि आत न येता परत गेला तो. आणि निकालाच्या यादीतच नसलेलाही एक आहे. दिवाळी झाली की पूर्वपट्टीतली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरंही बरोबर जातात. परत येतात पावसाच्या तोंडावर. परीक्षा मधल्या मध्ये होऊन गेलेली असते. हा मुलगा नापास झाला असं म्हणता येत नाही. तो नुसता हरवला. उसगावच्या विधायक संसदेने भट्ट्यांवर 'भोंगाशाळा' काढल्या, त्या याच मुलांसाठी. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. शाळा मुलांपर्यंत चालत गेली. ही संस्था चर्चची नाही. पण गवतातून तुकडे उचलायचं काम येशूनेच सांगितलेलं आहे, आणि ते जो करतो त्याला पाहून आपण आनंदच मानावा.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांना हे वेगळ्या शब्दांत माहीत आहे. सगळं सुरळीत असताना प्रोग्रॅम चालला, याला आपण टेस्टिंग म्हणत नाही. नेट गेलं, बॅटरी संपत आली, युजरने भलतंच बटण दाबलं, तेव्हा तो काय करतो, त्यावरून त्याची पारख होते. शाळेचंही तसंच. हुशार मूल कुठल्याही शाळेत बऱ्यापैकी शिकतं. शाळा किती ख्रिस्ती आहे ते शेवटच्या बाकावर कळतं.

आपल्या संतांचं प्रगतिपुस्तक

या तुकड्यांचं काय होतं ते बघायचं असेल तर आपल्या वसईच्याच विद्यार्थ्याकडे बघा. संत गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्यावर वसईत जन्म. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई किल्ल्यात जेज्विट फादरांकडे शिक्षण. किशोरवयात त्यांच्यासोबतच जपानला गेला, जपानी भाषा इतकी आत्मसात केली की तिथल्या लोकांशी त्यांच्यातलाच होऊन बोलू लागला. अनेक वर्षं धर्मशिक्षणाच्या कामात मदत केली. मनात एकच इच्छा, जेज्विट संघात प्रवेश. तो मिळाला नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिशन रिजेक्ट.

तो तिथून निघाला, मकावला जाऊन व्यापार करू लागला. धंदा चांगला चालला. पुढे मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला बंधू म्हणून घेतलं. 1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाष्या हवा होता. विद्यार्थीदशेत जमवलेली ती जपानी भाषा तेव्हा कामी आली, खुद्द हिदेयोशीच्या दरबारात. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आलं, त्यात हा वसईकर होता. 1862 मध्ये त्याला संत घोषित करण्यात आलं. भारतात जन्मलेला पहिला संत. एका दाराने नाकारलेला तुकडा देवाने टोपलीत जपून ठेवला होता.

दुसरं उदाहरण ताजं आहे. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी दोन तरुणांना संत घोषित केलं. कार्लो अकुतिस तुम्हाला माहीत आहे, कॉम्प्युटर आवडणारा, पंधराव्या वर्षी गेलेला. त्याच्यासोबतचा दुसरा, पिएर जॉर्जो फ्रासाती. तुरिनच्या श्रीमंत घरातला हा मुलगा शाळेत लॅटिनमध्ये नापास झाला, म्हणून त्याला दुसऱ्या शाळेत घालावं लागलं. पुढे तो इंजिनियरिंगला गेला, खाणींचा विषय घेतला, कारण खाणकामगारांत काम करायचं होतं. पदवी हाती यायच्या आधीच, 4 जुलै 1925 रोजी, चोवीस वर्षांचा असताना पोलिओने गेला. अंत्ययात्रेला तुरिनमधले गरीब लोक एवढ्या संख्येने आले, की हा मुलगा रोज कुठे जायचा हे घरच्यांना त्या दिवशी समजलं. निकालपत्रिकेवर पदवी नाही. पण टोपल्या भरलेल्या.

आपल्या राज्यातही 2015 पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी जुलैमध्ये लगेच फेरपरीक्षा सुरू झाली, वर्ष वाया जाऊ नये म्हणून. सरकारी निर्णयातही कधीकधी शुभवर्तमानाचा वास येतो. पण ती परीक्षा द्यायला त्या मुलाला कुणीतरी हात धरून बसवावं लागतं. महिनाभर रोज संध्याकाळी तासभर. बीजगणित समजावायला कुणीतरी लागतं. ते 'कुणीतरी' म्हणजे आपण असू शकतो.

डोंगरावर एकटा

वाचनाचा शेवट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. लोकांना येशूला धरून राजा करायचं असतं. तो हे ओळखतो आणि एकटाच डोंगरावर निघून जातो. एवढं मोठं काम झाल्यावर सत्काराला थांबत नाही! आपल्याकडे काम होण्याआधी फ्लेक्स लागतो. येशूने लोकांचा आनंद मोडला नाही, त्यांना पोटभर जेवू दिलं. फक्त स्वतःला त्या मंचावर बसू दिलं नाही. यश मिळालेल्या मुलांना, आणि त्यांच्या यशावर मिरवणाऱ्या शाळांना, पालकांना, आपल्यालाही ही सवय लावून घ्यायला हवी. पेढा खावा, फोटो काढावा, मग थोडा वेळ पित्यासोबत एकटं बसावं. नाहीतर पुढच्या वर्षी टक्के घसरले की आपण कोण, हेच आपल्याला कळेनासं होतं.

मित्रमैत्रिणींनो, आपण बहुतेक जण आता ठाणे, पुणे, बेंगळुरू, दुबईत बसून हे वाचत असू. आपल्यातल्या कितीतरी जणांना कुठल्यातरी छोट्या शाळेतल्या आंद्रेयाने हाताला धरून पुढे आणलं होतं. आपला डबा आता मोठा झाला आहे. त्यातलं गवतावर काय आलं?

या आठवड्यासाठी

1. तुमच्या जुन्या शाळेतल्या एका शिक्षकाला फोन करा. मेसेज नको, फोन.
2. निकालाचं अभिनंदन पाठवताना घरात, शेजारात, धर्मग्रामात ज्याचा निकाल चांगला लागला नाही, त्याला आधी भेटा. सल्ला देऊ नका. चहा प्या.
3. दोन-तीन जणांनी मिळून एका मुलाच्या फेरपरीक्षेची जबाबदारी घ्या. फॉर्मची फी, पुस्तकं, आणि मुख्य म्हणजे वेळ. शहराबाहेर असाल तर व्हिडिओ कॉलवरही गणित शिकवता येतं.

प्रार्थना

प्रभू येशू, तू एका मुलाचा डबा हातात घेतलास आणि त्याबद्दल पित्याचे आभार मानलेस. आमच्या छोट्या शाळांवर, तिथल्या शिक्षकांवर, सिस्टर्सवर आणि फादरांवर तुझा हात राहू दे. ज्यांना यश मिळालं त्यांना देण्याची बुद्धी दे. ज्यांचं नाव कुठल्याच फळ्यावर आलं नाही, त्यांना तू नावाने हाक मार. भट्टीवर गेलेल्या लेकरांना तू विसरत नाहीस, आम्हालाही विसरू देऊ नकोस. तुझ्या टोपल्या उचलायला आम्हाला वाकायला शिकव. संत गोन्सालो गार्सिया, आमच्या मुलांसाठी विनंती कर. आमेन.